आस्तिक कोण, नास्तिक कोण ?



सोलापूरच्या वैशाखात दिवसभर ऊन सोसून संध्याकाळी आपण येथे जमता, ते काही हलकेफुलके ऐकावे म्हणून. अशा वेळी देवाच्या अस्तित्वाचा प्रश्न काढणारा वक्ता दोन्हीकडून अडचणीत येतो. देव आहे असे म्हणावे, तर ते आपल्याला कीर्तनात अधिक गोड ऐकायला मिळते. नाही म्हणावे, तर घरी जाताना कोणी तरी हळहळून म्हणते, ‘गृहस्थ शिकलेला दिसतो, पण वाया गेला !’ म्हणून मी आरंभीच सांगून टाकतो की, देव आहे की नाही याचा निकाल मी देणार नाही. तो माझा अधिकार नव्हे. या प्रश्नावर आपल्या मुलुखात लोक कसे भांडले आणि भांडताना एकमेकांशी कसे वागले, एवढी हकिगत मी आपल्यापुढे ठेवणार आहे. तिच्यातून जो काही निकाल निघेल तो वागणुकीविषयीचा असेल.

प्रथम शब्दांचा घोळ निस्तरू. ‘नास्तिक’ हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. पण त्याचा अर्थ काळानुसार बदलत आला आहे. पाणिनीच्या सूत्रावर लिहिणाऱ्या टीकाकारांनी परलोक मानतो तो आस्तिक, न मानतो तो नास्तिक, असा अर्थ केला. मनुस्मृतीने वेदाची निंदा करणाऱ्याला नास्तिक ठरविले. ईश्वर न मानणारा तो नास्तिक, हा आज रूढ असलेला अर्थ नंतर पुढे आला. आता या तीन मापांनी मोजून पाहा. कुमारिल भट्टांसारखा कडवा वेदाभिमानी मीमांसक जगाचा कर्ता ईश्वर आहे हे मत खोडून काढतो. तरी तो आस्तिक! सांख्यकारिकांच्या कर्त्याचे नावच मुळी ईश्वरकृष्ण, पण त्याच्या सृष्टीच्या हिशेबात ईश्वराला जागा नाही. तरी तोही आस्तिक. उलट जैन दर्शन परलोक मानते, कर्म मानते, मोक्ष मानते. परंतु वेद प्रमाण मानत नाही आणि जगाचा कर्ताही मानत नाही, म्हणून ते नास्तिक. आपल्या या गावात जैन मंदिरे आहेत, वीरशैवांचे मठ आहेत, विठ्ठलाचे माळकरी आहेत, मशिदी आहेत, ख्रिस्ती प्रार्थनामंदिरे आहेत. एका पेठेतला पक्का आस्तिक दुसऱ्या पेठेत गेला, की तेथल्या मापाने नास्तिक ठरू शकतो. तेव्हा कोणी कोणाला नास्तिक म्हटले, तर आपण आधी विचारावे, ‘कोणत्या मापाने ?’

दुसरी गोष्ट वादाच्या रीतीची. न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य कळावे म्हणून केला तो वाद, जिंकण्यासाठी केला तो जल्प, आणि स्वतःचे काही न मांडता नुसते दुसऱ्याचे मोडायचे ती वितंडा. वादात उतरणाऱ्याने आधी पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, नीट मांडावे आणि मग उत्तर द्यावे, अशी आपल्या ग्रंथकारांची शिस्त होती. या शिस्तीचा एक विलक्षण परिणाम झाला. चार्वाकांचे मूळ सूत्रग्रंथ आज उपलब्ध नाहीत. चार्वाक काय म्हणत हे आपल्याला बव्हंशी त्यांच्या विरोधकांनी मांडलेल्या पूर्वपक्षावरूनच कळते. सगळ्याच मतांवर घाव घालणारा जयराशीचा ‘तत्त्वोपप्लवसिंह’ हा ग्रंथ १९२६ साली सापडला, तोही पाटण येथील एका जैन भांडारात, आणि १९४० साली बडोद्याच्या ग्रंथमालेतून छापला गेला. ज्या ग्रंथाने जैनांनाही सोडले नाही, तो जैनांनी शतकानुशतके जपून ठेवला.

आणि यात आपल्या गावचाही वाटा आहे. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांच्या नावाची जैन ग्रंथमाला सोलापुरातूनच निघाली. त्या मालेत १९४९ साली कृष्णकांत हंदिकी या आसामी पंडितांचा सोमदेवाच्या ‘यशस्तिलक’ या काव्यावरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ‘यशस्तिलक’ हे इ. स. ९५९ मधले काव्य. त्यात नाना दर्शनांची मते येतात, चार्वाकांचेही मत येते, आणि मग त्यांचे खंडन होते. ज्याला हजार वर्षांपूर्वीचा आस्तिक-नास्तिकांचा वाद अभ्यासायचा आहे, त्याला सोलापुरात छापलेले पुस्तक उघडावे लागते.

आता तलावाकडे चला. सिद्धरामांनी बाराव्या शतकात येथे तलाव खणविला, अडुसष्ट लिंगे स्थापिली, ही गोष्ट येथल्या लहान मुलालाही माहीत आहे. पण कन्नड ‘शून्यसंपादने’ या पंधराव्या शतकातील ग्रंथात याच तलावाच्या काठी झालेला एक वाद आला आहे, तो आपल्यापैकी कानडी जाणणारे सोडले तर फार थोड्यांनी ऐकला असेल. अल्लमप्रभू सोन्नलिगेस, म्हणजे आपल्या सोलापुरास, येतात आणि खणणाऱ्या मजुरांना विचारतात, ‘तुमचा तो वड्डर सिद्धराम कोठे आहे ?’ गुरूला वड्डर म्हटलेले ऐकून भक्त खवळतात आणि दगड मारू लागतात. सिद्धराम स्वतः येतात तेही रागानेच. मग अल्लम विचारतात, तळी बांधून, देवळे बांधून पुण्य मिळाले, पण बांधणारा कोण हे कळले काय ? वाद वाढतो, सिद्धरामांचा राग ओसरतो, आणि ते अल्लमांबरोबर कल्याणास जातात. ग्रंथ घटनेनंतर दोन-तीनशे वर्षांचा आहे, त्यामुळे त्याला साक्षीपुरावा म्हणता येणार नाही. पण ज्यांनी तो लिहिला आणि भक्तीने वाचला, त्यांनी आपल्या सिद्धपुरुषाची कोंडी करणारा प्रश्न लपविला नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. दगड मारणारेही तेथे आहेत आणि प्रश्नाला उत्तर शोधणारेही तेथेच आहेत. पुढची सगळी हकिगत या दोन जातींच्या माणसांची आहे.

एकोणिसाव्या शतकात वादाला नवे तोंड फुटले. १८५७ च्या पूर्वार्धात विष्णुबावा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर जॉर्ज बोवेन प्रभृति मिशनऱ्यांशी उघड्यावर वाद करीत होते. १८६७ साली मुंबईत प्रार्थनासमाज स्थापन झाला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी एकेश्वरी भक्तीचा मार्ग धरला. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला. जोतीरावांना कित्येक लोक नास्तिक म्हणत. पण त्यांचा ‘निर्मीक’ म्हणजे सर्वांना निर्माण करणारा ईश्वरच होता. त्यांचे भांडण मधल्या दलालांशी होते. १८७५ च्या उन्हाळ्यानंतर स्वामी दयानंद पुण्यास आले, त्यांनी व्याख्याने दिली आणि सप्टेंबरात त्यांची मिरवणूक निघाली, तेव्हा विरोधकांनी गाढवाची मिरवणूक काढून त्यांची विटंबना केली. स्वामींच्या मिरवणुकीच्या बाजूने जे उभे राहिले त्यांत रानडे होते आणि जोतीरावही होते. ज्या दयानंदांचे नाव आपल्या गावातील १९४० सालच्या महाविद्यालयाला दिले गेले, तेच हे दयानंद. वेद आणि ईश्वर यांवर त्यांच्याइतकी अढळ निष्ठा असलेला मनुष्य त्या काळी शोधून सापडला नसता.

यानंतर काही वर्षांनी त्याच पुण्यात गोपाळ गणेश आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढण्यात आली. आगरकर मिल्ल आणि स्पेन्सर वाचलेले, ईश्वर आहे की नाही हे मानवी बुद्धीस कळणे शक्य नाही असे मानणारे. आता पाहा, एक वेदनिष्ठ संन्यासी, दुसरा अज्ञेयवादी पंडित. पण विटंबना दोघांचीही झाली. यावरून मला असे दिसते की, जमावाला ईश्वराच्या अस्तित्वाचे सोयरसुतक नव्हते. ज्याने रूढीला हात घातला तो त्यांचा शत्रू, मग तो देवाचे नाव घेऊन घालो की न घेता.

पण एवढ्यावर थांबलो तर मी आपली फसवणूक केली असे होईल. कारण रूढीविरुद्ध एका बाजूला असलेल्या रानडे आणि आगरकर यांच्यातही खरा मतभेद होता आणि तो मोठा होता. रानड्यांचे म्हणणे असे की, सृष्टीत नियम आहे, मनुष्याच्या अंतःकरणात न्यायान्यायाची जाणीव आहे, आणि या दोहोंच्या मागे नीतिमान ईश्वर मानल्यावाचून त्यांचा उलगडा होत नाही. शिवाय सुधारणा करायची ती समाजाच्या हृदयातून उगवली पाहिजे. आणि या देशाचे हृदय संतांनी घडविले आहे. आगरकरांनी १८८८ साली ‘सुधारक’ काढला, त्यात त्यांनी उलट बाजू मांडली. ‘देवतोत्पत्ति’ या निबंधमालेत त्यांनी रानटी अवस्थेतील मनुष्याच्या मनात देवांची कल्पना कशी उपजली असेल याचा शोध घेतला. नीतीचा पाया परलोकाच्या भीतीवर ठेवला, तर ती भीती गेल्याबरोबर नीतीही ढासळेल. म्हणून तो मनुष्याच्या सुखदुःखावर आणि बुद्धीवर ठेवला पाहिजे, असा त्यांचा आग्रह. आपण मनापासून विचार केला, तर दोघांच्याही म्हणण्यात असा एक प्रश्न सापडतो की ज्याचे उत्तर समोरच्याला सहज देता येत नाही. रानड्यांना विचारावे, ईश्वर न्यायी आहे, तर निष्पाप बालविधवेच्या वाट्याला हे काय आले ? आगरकरांना विचारावे, ज्या विधवेचे सर्वस्व गेले तिने रात्री कोणाला हाक मारावी ? दोघांनीही विधवांसाठी जिवाचे रान केले, हा योगायोग नव्हे.

आगरकरांच्या घरातली गोष्ट तर आणखी बोलकी आहे. पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू होत्या, व्रतवैकल्ये करीत. पतीने त्यांना कधी आडकाठी केली नाही. व्यक्तिस्वातंत्र्यावर लेख लिहिणाऱ्या माणसाची परीक्षा स्वतःच्या देवघरापाशी होते, आणि त्या परीक्षेत आगरकर उतरले. आपल्यापैकी किती घरांत सुनेचा उपास आणि मुलाचा अविश्वास एका पंक्तीला बसून जेवू शकतात, याचा विचार ज्याचा त्याने करावा. १८९५ च्या जूनमध्ये आगरकर वारले, तेव्हा ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते आणि वयाची चाळिशीही त्यांनी गाठली नव्हती.

विसाव्या शतकातही या दोन्ही बाजू चालू राहिल्या. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालविले आणि आपली नास्तिकता कधी झाकली नाही. त्यापायी खटलेही सोसले. दुसरीकडे गाडगेबाबा होते. त्यांच्या कीर्तनात व्याख्यान नव्हते, प्रश्न होते. नवसाचे बकरे, कर्ज काढून केलेली यात्रा, शिवाशिव, यांवर ते समोरच्या अडाणी माणसालाच प्रश्न विचारीत, त्याच्याच तोंडून उत्तर काढीत, आणि शेवटी गोपाळाच्या गजरात सर्वांना सामील करून घेत. आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात, त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या. त्यांना आस्तिक म्हणावे तर देवळात त्यांचे मन रमत नसे. नास्तिक म्हणावे तर जिभेवर देवाचे नाव.

डॉ. श्रीराम लागू आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचे वादसंवाद आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असतील. ईश्वर ही कल्पना आता निवृत्त करावी, असे लागू रोखठोक सांगत. १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापणारे दाभोलकर म्हणत की, समितीचे भांडण देव मानणाऱ्याशी नाही. देवाच्या नावाने होणाऱ्या शोषणाशी आहे. एकाच व्यासपीठावर बसून दोन मित्र मतभेद मांडीत आणि श्रोत्यांचे प्रश्न घेत. न्यायशास्त्राने ज्याला वाद म्हटले तो हाच.

त्या दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात गोळ्या घालून खून झाला. ज्या पुलावर तो झाला त्या पुलाला महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे नाव आहे. शिंदे म्हणजे प्रार्थनासमाजाचे प्रचारक, ईश्वराची उपासना करता करता १९०६ साली अस्पृश्यांच्या शिक्षणाचे मिशन उभारणारे. १० मे २०२४ रोजी न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना निर्दोष सोडले. ज्या कायद्यासाठी दाभोलकर झटले तो वटहुकमाच्या रूपाने त्यांच्या मृत्यूनंतर आठवड्याच्या आतच आला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने मंजूर केला. या कायद्याने आपली वारी आणि कीर्तन बंद होईल, अशी शंका अनेक भाविकांनी आधी घेतली होती. वर्षानुवर्षे चर्चा झाली, मसुदे बदलले, आणि शेवटी यात्रा, परिक्रमा, हरिकीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही, असे कायद्यातच लिहिले गेले. भाविकांच्या शंकेने कायदा अधिक नेमका झाला. बोलण्याने एवढे साधले. गोळीने मात्र एक वादी कमी झाला आणि एकाही प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही.

आपल्या राज्यघटनेने २५ व्या अनुच्छेदात सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आहे. तिच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्र्यांच्या शपथेचा नमुना आहे. त्यात ईश्वरसाक्ष शपथ घ्यावी किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करावी, असे दोन पर्याय एकाखाली एक दिलेले आहेत. ज्याला जो पटेल तो त्याने म्हणावा. त्यानंतरची वाक्ये दोघांनाही तीच, आणि जबाबदारीही तीच.

श्रोतेहो, देव आहे की नाही याचा निकाल मी देणार नाही असे आरंभी म्हटले होते, तो शब्द मी पाळला आहे. परंतु वागणुकीचा निकाल मला स्पष्ट दिसतो. ज्याला आपल्या मताची खात्री आहे तो समोरच्याचे पुस्तक जपून ठेवतो, त्याचा प्रश्न नीट मांडतो आणि मग उत्तर देतो. ज्याला खात्री नाही तो दगड उचलतो. तलावाच्या काठी त्या दिवशी दगड उचलणारे पुष्कळ होते. त्यांपैकी एकाचेही नाव आज कोणाला ठाऊक नाही. राग गिळून प्रश्न ऐकणाऱ्या सिद्धरामांची यात्रा मात्र दर संक्रांतीला भरते, आणि तिला आस्तिकही जातात व नास्तिकही.