परळमधला एक वाद

मूल होत नसलेल्या बाईसाठी मराठीत ‘वांझ’ आहे, उर्दूत ‘बांझ’ आहे. पुरुषासाठी? ‘नामर्द’ म्हणतात, पण त्याचा अर्थ वेगळा. ज्याचा संसार ठीक चालला आहे, फक्त वीर्यात शुक्राणू नाहीत, अशा माणसासाठी दोन्ही भाषांत रोजच्या बोलण्यातला शब्द नाही. मी या दोन्ही भाषा शिकवतो, म्हणून हे जास्त खटकतं. शब्द नाही, मग तपासणीही नाही. कांजूरमार्गला आमच्या वस्तीत एका सुनेने आठ वर्षं दवाखाने, दर्गे, तावीज सगळं केलं. नवव्या वर्षी नवऱ्याची तपासणी झाली आणि कारण त्याच्यात निघालं. लहानपणी त्याला रक्ताचा कॅन्सर झाला होता. औषधांनी जीव वाचला, पण शुक्राणू तयार करणाऱ्या पेशी गेल्या.

मोठ्या माणसाला केमोथेरपीआधी वीर्य गोठवून ठेवता येतं. सात वर्षांच्या मुलाकडे गोठवायला शुक्राणूच नसतात. मात्र पुढे शुक्राणू बनवणाऱ्या मूलपेशी त्याच्या वृषणात असतात. १९९४ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात राल्फ ब्रिन्स्टर यांनी एका उंदराच्या अशा पेशी दुसऱ्या उंदराच्या वृषणात सोडल्या. दुसऱ्याच्या स्वतःच्या पेशी आधी बुसल्फान या कॅन्सरच्याच औषधाने मारल्या होत्या. उपऱ्या पेशी तिथे रुजल्या, त्यांच्यापासून शुक्राणू झाले, पिल्लंही झाली. २०१२ मध्ये पिट्सबर्गला माकडातही शुक्राणू मिळाले. माणसात हे काम आत्ता कुठे सुरू होत आहे.

आता परळ. कांजूरमार्गहून स्लो लोकल पकडली की थेट स्टेशन. टाटा हॉस्पिटल, केईएम आणि १९७० मध्ये सुरू झालेली प्रजनन संशोधनाची सरकारी संस्था, सगळं चालण्याच्या अंतरात. १९८६ ची टेस्ट ट्यूब बेबी हर्षा हे केईएम आणि याच संस्थेचं काम. इथेच डॉ. दीपा भारतीय यांनी उलट बाजूने प्रश्न विचारला: औषधाने खरंच सगळं मरतं का? त्यांनी बुसल्फान दिलेल्या उंदरांत बाहेरून बीज घातलंच नाही. शुक्राणूंना सांभाळणाऱ्या सर्टोली पेशी किंवा अस्थिमज्जेतल्या पेशी तेवढ्या सोडल्या, आणि शुक्राणूनिर्मिती पुन्हा सुरू झाल्याचं २०१४ पासूनच्या लेखांत मांडलं. त्यांचं म्हणणं असं, की लाल रक्तपेशीहूनही लहान अशा काही मूलपेशी सुस्त पडून असतात. त्या औषधातून वाचतात. बिघडलेली असते ती त्यांच्या भोवतीची जागा. शेत नापीक झालं तरी दाणा जिवंत असतो, तसं.

सगळ्यांना हे पटलेलं नाही. अशा पेशी अस्थिमज्जेत असल्याचं मारियुश रातायचाक यांनी २००६ मध्ये सांगितलं होतं. स्टॅनफर्डच्या वाइसमन यांच्या गटाने २०१३ मध्ये शोधल्या, त्यांना सापडल्या नाहीत. भारतीय बाईंचं उत्तर मला फार आवडतं: या पेशी इतक्या लहान आहेत, की नेहमीच्या वेगाने नळी फिरवली तर त्या तळाशी बसतच नाहीत. वरच्या पाण्याबरोबर तुम्ही त्या बेसिनमध्ये ओतून देता! उत्तर आवडलं म्हणून ते खरं ठरत नाही, हेही मान्य. इतर प्रयोगशाळांत तेच पुन्हा पुन्हा दिसलं पाहिजे.

आमच्यासाठी या वादाला आणखी एक बाजू आहे. अल-अजहरच्या १९८० च्या फतव्याने नवरा-बायकोच्याच बीजापासून टेस्ट ट्यूब बेबीला परवानगी दिली, तिसऱ्याच्या बीजाला नाही. म्हणजे ‘डोनर घ्या’ हा डॉक्टरांचा सोपा सल्ला अनेक मुसलमान जोडप्यांना चालत नाही. स्वतःच्या पेशी शरीरात उरल्या आहेत की नाहीत, हा प्रश्न त्यांना टाळता येत नाही.

आमच्या वस्तीतल्या त्या नवऱ्याने रिपोर्ट आईला स्वतः वाचून दाखवला. त्यानंतर सुनेच्या गळ्यातला तावीज सासूनेच काढला.