स्वतंत्र दुहेरी मार्गाचे तत्त्व : संगणकीय साठवण जाळ्यांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ परिसरात उभारावयाच्या ‘लायगो-इंडिया’ प्रकल्पास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. गुरुत्वीय लहरींची वेधशाळा अहोरात्र माहिती नोंदविते. त्यामुळे साठवण यंत्रणेच्या सातत्याचा प्रश्न या जिल्ह्यातील अभ्यासकांच्याही जिव्हाळ्याचा ठरतो. सर्व्हरला एकाहून अधिक स्वतंत्र स्विचांद्वारे साठवण यंत्रणेशी जोडण्याची पद्धत कशी रूढ झाली व तिची मर्यादा कोणती, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

पद्धतीचा उगम व स्वरूप :
अमेरिकेतील टँडम कंपनीने १९७६ मध्ये अखंड चालणारा संगणक बाजारात आणला. त्यातील प्रत्येक नियंत्रक दोन प्रोसेसरांना जोडलेला असे. एक बंद पडला तरी दुसऱ्याकडून काम चालू राही. १९९४ मध्ये ‘फायबर चॅनेल’ या मानकास मान्यता मिळाली आणि पुढे अनेक सर्व्हर स्विचांच्या जाळ्यातून सामाईक साठवणीशी जोडले जाऊ लागले. परंतु सामाईक जाळे बिघडल्यास सर्वच सर्व्हर एकदम ठप्प होण्याचा धोका निर्माण झाला.

यावर उपाय म्हणून प्रत्येक सर्व्हरमध्ये दोन अडॅप्टर बसवून ते दोन निरनिराळ्या स्विचांना जोडण्यात येऊ लागले. या दोन स्विचांमध्ये परस्परांना जोडणारी तार नसते, हे येथे महत्त्वाचे. तशी तार जोडल्यास दोन्ही मिळून एकच जाळे बनते. कोणत्या सर्व्हरला कोणती साठवण दिसावी हे ठरविणारी ‘झोनिंग’ची नोंद समाईक होते आणि तीत झालेली एक मानवी चूक दोन्ही मार्ग बंद पाडू शकते. शिवाय एका मार्गावर संपूर्ण भार पेलण्याची क्षमता नसेल, तर दुसरा मार्ग केवळ नावापुरताच उरतो.

मुंबईतील अनुभव :
राष्ट्रीय शेअर बाजारात २४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११.४० वाजता व्यवहार थांबले, ते दुपारी ३.४५ वाजता पुन्हा सुरू झाले. बाजाराने नंतर दिलेल्या स्पष्टीकरणानुसार, मुख्य व नजीकच्या पर्यायी केंद्रादरम्यान दोन सेवादात्यांच्या अनेक वाहिन्या होत्या; रस्त्यालगतच्या खोदकाम व बांधकामामुळे त्या खंडित झाल्या. वाहिन्या तुटल्या तरी साठवण जाळे चालू राहावे अशी त्याची रचना होती. प्रत्यक्षात मात्र मुख्य केंद्रातील साठवणच सर्व्हरना अप्राप्य झाली व जोखीम व्यवस्थापन प्रणाली बंद पडली. मार्गांची संख्या वाढली म्हणजे स्वातंत्र्य वाढले असे नव्हे, हे या घटनेने दाखवून दिले.

निष्कर्ष :
१४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय लहरीची पहिली नोंद ग्राह्य धरता आली, ती सुमारे ३,००० किलोमीटर अंतरावरील हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन या दोन वेधशाळांनी ती नोंदविल्यामुळे. स्थानिक अडथळा दोहोंकडे एकाच वेळी तसाच उमटण्याची शक्यता अत्यल्प होती. साठवण जाळ्यासही हाच निकष लागू पडतो. दोन मार्ग कोणत्या एका कारणाने एकाच वेळी खंडित होऊ शकतील, याचा शोध उभारणीपूर्वी घेणे आणि एक मार्ग मुद्दाम बंद करून दुसऱ्याची वेळोवेळी परीक्षा घेणे, हेच या इतिहासाचे सार होय.