ऊब कोंडण्याचा इतिहास

थंडीच्या दिवसांत वर्गात एक साधा प्रश्न विचारून पाहावा : गोधडीत ऊब येते कोठून? बहुतेक मुले सांगतील, गोधडी गरम असते. मग एक तापमापी गोधडीत गुंडाळून तासभर ठेवावा. पारा जागचा हलत नाही. गोधडी उष्णता निर्माण करीत नाही. आपल्या शरीराची उष्णता बाहेर निसटू नये एवढेच काम ती करते. हीच गोष्ट घराला लागू आहे हे ध्यानात यायला माणसाला बराच काळ लागला. तो प्रवास आपण थोडक्यात पाहू.

शेकोटी पेटते आणि वारा येतो

युरोपातील जुन्या घरांत भिंतीतच शेकोटी असे आणि तिचे धुराडे छपरावर निघे. शेकोटीवरची तापलेली हवा हलकी होऊन धुराड्यातून वर जाई. तिची जागा घ्यायला दाराखिडक्यांच्या फटींतून बाहेरची थंड हवा खोलीत शिरे. म्हणजे शेकोटी जितकी जोरात पेटवावी तितका वाराही जोरात यायचा! शेकोटीसमोर बसलेल्याचे तोंड भाजे आणि पाठ गारठे. बेंजामिन फ्रँकलिनने 1744 मध्ये आपल्या नव्या शेगडीविषयी पुस्तिका लिहिली, तिच्यात या तक्रारीची सविस्तर चर्चा आहे.

निजण्याच्या खोलीत लोकांनी यावर आपल्या परीने उपाय शोधला होता. पलंगाला चार खांब, वर छत आणि चारही बाजूंनी जाड पडदे. खोलीच्या आत जणू एक छोटी खोली. खोली गरम करणे जमत नाही, तर निदान अंगाभोवतीची हवा हलू देऊ नये, हा त्यामागचा विचार. शास्त्र कोणी सांगितले नव्हते, पण अनुभव चोख होता.

एक ग्रॅम रेशीम

शास्त्र सांगितले ते बेंजामिन थॉम्पसन याने. हाच पुढे काउंट रम्फर्ड म्हणून प्रसिद्ध झाला. त्याचा जन्म 1753 मध्ये अमेरिकेत झाला. पुढे तो बव्हेरियाच्या सेवेत गेला. तेथे सैन्याच्या कपड्यांची व्यवस्था पाहताना कोणते कापड ऊबदार, हा प्रश्न त्याच्यापुढे आला.

त्याचा प्रयोग कोणत्याही शिक्षकाला आवडावा इतका सरळ आहे. तापमापीचा फुगा एका मोठ्या काचेच्या फुग्यात बसवायचा आणि मधल्या पोकळीत तपासायचा पदार्थ भरायचा. हे उपकरण उकळत्या पाण्यात तापवायचे, मग बर्फाच्या पाण्यात बुडवायचे आणि ठरावीक अंश उतरायला किती वेळ लागतो ते मोजायचे. पोकळीत नुसती हवा असताना 576 सेकंद लागले. तेथे 16 ग्रेन, म्हणजे जेमतेम एक ग्रॅम, कच्चे रेशीम भरल्यावर 1284 सेकंद लागले. मेंढीच्या लोकरीला 1118, कापसाला 1046, सशाच्या केसांना 1315.

खरी मेख पुढे आहे. तेवढ्याच वजनाचे रेशीम, पण पीळ दिलेल्या शिवणाच्या धाग्याचे तुकडे करून भरले, तेव्हा वेळ 917 सेकंदांवर आला. पदार्थ तोच, वजन तेच; मग फरक कशाचा? मोकळ्या तंतूंनी हवा बारीक बारीक कप्प्यांत अडकवली होती, पिळलेल्या धाग्याला ते तितके साधले नाही. ऊब रेशमाची नव्हतीच, ती अडवलेल्या हवेची होती. या संशोधनासाठी 1792 मध्ये रम्फर्डला रॉयल सोसायटीचे कोप्ली पदक मिळाले.

आपल्याकडचा पिंजारी नेमके हेच करीत आला आहे. वापरून चपटी झालेली गादी तो उसवतो, कापूस पिंजतो आणि पुन्हा भरतो. कापूस वाढत नाही, त्यात हवा तेवढी परत येते.

रम्फर्ड एवढ्यावर थांबला नाही. 1796 मध्ये शेकोट्यांवर निबंध लिहून त्याने धुराड्याचा गळा अरुंद करायला सांगितले. धूर जावा, पण त्यासोबत खोलीतली सारी ऊब ओढली जाऊ नये, हा हेतू.

फट शोधा, मग भिंत

कोळसा व तेल स्वस्त असेपर्यंत हा धडा अनेक घरमालकांना निकडीचा वाटला नाही. 1930 च्या दशकात अमेरिकेत काचतंतूंची लोकर कारखान्यात बनू लागली, तत्त्व रम्फर्डचेच. मात्र 1973 मध्ये तेलाचे भाव भडकले आणि घरातून उष्णता नेमकी जाते कोठे, हा प्रश्न ऐरणीवर आला.

न्यू जर्सीतील ट्विन रिव्हर्स या वसाहतीत प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रत्यक्ष मोजमाप केले. माळ्यावर रोधक थर असूनही तेथून हिशेबापेक्षा कित्येक पट उष्णता निसटत होती. कारण भिंतींमधल्या पोकळ्यांतून आणि धुराड्याभोवतालच्या फटींतून खोलीतली गरम हवा थराला वळसा घालून वर जात होती. गोधडी जाड, पण पायाकडून उघडी! फटी बुजवून, खिडक्यांना झडपा बसवून आणि माळ्यावरचा थर वाढवून तेथील एका घराची उष्णतेची गरज दोन-तृतीयांशाने घटवता आली. तो अहवाल 1978 चा.

प्रश्न आरोग्याचा

इंधनाची बचत हा हिशेबाचा भाग झाला. न्यूझीलंडमध्ये 1978 पूर्वीची बरीच लाकडी घरे उष्णतारोधक थराविनाच बांधलेली होती. तेथे 1350 कुटुंबांवर केलेला अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. काही घरांत आधी रोधक थर बसवले आणि बाकीच्यांशी तुलना केली. निजण्याच्या खोलीचे हिवाळी तापमान सरासरी अवघे अर्धा अंश सेल्सिअस वाढले, दमटपणा थोडा घटला आणि ऊर्जेचा वापर इतर घरांच्या 81 टक्के राहिला. एवढ्याशा बदलाने छातीत घरघर होण्याच्या तक्रारी आणि मुलांची शाळा बुडणे ठळकपणे कमी झाल्याचे कुटुंबांनी नोंदवले. वर्गातल्या रिकाम्या बाकाचे कारण कधी कधी घरातल्या थंड खोलीत असते. 2009 मध्ये तेथील सरकारने जुन्या घरांसाठी मोठी अनुदान योजना सुरू केली.

मात्र घर डबीसारखे बंद करणेही योग्य नाही. श्वासातली आणि स्वयंपाकातली वाफ बाहेर पडली नाही, तर ती थंड भिंतीवर साचते आणि बुरशी धरते. खोलीत शेगडी जळत असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा धोका थेट जिवावर बेततो. म्हणून फटी बुजवाव्यात, पण हवा खेळण्याची वाट आपण ठरवून ठेवावी.

वर्गासाठी

दोन सारख्या डब्यांत सारखेच गरम पाणी घ्यावे. एकाभोवती पिंजलेला कापूस सैल गुंडाळावा, दुसऱ्याभोवती तेवढ्याच वजनाचा कापूस दाबून, दोऱ्याने करकचून बांधावा. दर पाच मिनिटांनी तापमान लिहून आलेख काढावा. दुसरा प्रयोग घरासाठी : वाऱ्याच्या दिवशी पेटती उदबत्ती पडद्यांपासून दूर सांभाळून बंद दाराखिडक्यांच्या कडेने फिरवावी. धुराची रेघ जेथे वाकते तेथे फट आहे. मुलांना आपल्या घराचा नकाशा काढून त्या जागांवर खुणा करू द्याव्यात.