पॅलाडिन नुसत्या हाताने ‘डिव्हाइन स्माइट’ करू शकतो का? डी अँड डीचा जुना आणि नवा नियम

उत्तर आधीच सांगून टाकतो. तुम्ही २०१४ च्या प्लेयर्स हँडबुकवर खेळत असाल तर नियमाप्रमाणे ‘नाही’, पण डीएमने ‘हो’ म्हटलं तरी खेळाचं काही बिघडत नाही. २०२४ च्या नवीन पुस्तकावर खेळत असाल तर सरळ ‘हो’.

फक्त एवढंच वाचून टॅब बंद करू नका. मी एकदा असंच फोनवर अर्धं उत्तर वाचून निर्णय दिला होता, आणि त्यात एका मित्राचं वर्षभर सांभाळलेलं कॅरेक्टर मेलं.

हे सगळं ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी

डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे डी अँड डी, हा गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये आणलेला खेळ. टेबलाभोवती बसायचं (किंवा आमच्यासारखं डिस्कॉर्डवर), एक जण गोष्ट चालवतो तो डंजन मास्टर उर्फ डीएम, बाकीचे आपापलं कॅरेक्टर खेळतात, आणि जिथे काय होईल हे नक्की नसतं तिथे फासे टाकायचे. ‘बॉल्डर्स गेट ३’ हा व्हिडिओ गेम ज्यांनी खेळलाय त्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल, कारण तो याच खेळाच्या पाचव्या आवृत्तीवर बेतलाय.

पॅलाडिन हा त्यातला शपथ घेतलेला योद्धा. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणी पुस्तकात तो पहिल्यांदा आला. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’मध्ये माइक स्वतःला आपल्या टोळीचा पॅलाडिन म्हणतो, तोच हा. त्याची सगळ्यात आवडती चाल म्हणजे डिव्हाइन स्माइट. शत्रूवर घाव बसला की पॅलाडिन आपल्यातली दैवी शक्ती त्या घावात ओततो आणि जास्तीचं नुकसान करतो.

ही शक्ती फुकट नसते. त्यासाठी एक ‘स्पेल स्लॉट’ खर्च होतो. स्लॉट म्हणजे तुमच्या मोबाईलच्या रोजच्या डेटासारखा प्रकार: कोटा ठरलेला, संपला की संपला, रात्रभर झोपून उठलं की परत भरतो. पाचव्या लेव्हलच्या पॅलाडिनकडे पहिल्या दर्जाचे चार आणि दुसऱ्या दर्जाचे दोन स्लॉट असतात. पहिल्या दर्जाचा स्लॉट घातला की २डी८, म्हणजे आठ बाजूंचे दोन फासे, जास्तीचं नुकसान. स्लॉट एकेक दर्जाने वाढला की एकेक फासा वाढतो. समोर भूतपिशाच्च किंवा सैतानी जीव असेल तर आणखी एक. आणि मुख्य म्हणजे घाव बसला हे कळल्यावर स्माइट करायचं की नाही ते ठरवता येतं, त्यामुळे नेम चुकून स्लॉट वाया गेला असं होत नाही.

त्या शुक्रवारी काय झालं

२०२१ साल. इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलमधले आम्ही पाच जण, सगळे घरून काम करणारे, दर शुक्रवारी रात्री डिस्कॉर्डवर खेळायचो. डीएम मी. मित्राचा पॅलाडिन पकडला गेला होता. तलवार, ढाल, चिलखत सगळं काढून घेतलेलं, हातात बेड्या. त्याच्या कोठडीत मी तीन घूल सोडले (घूल म्हणजे प्रेतं खाणारी पिशाच्चं). माझा हिशेब असा होता की बाकीचे दोन-तीन राउंडमध्ये येऊन त्याला सोडवतील.

त्याने वाट पाहिली नाही. ‘मी बुक्की मारतो,’ म्हणाला, आणि डी२० वर वीस आला. वीस म्हणजे क्रिटिकल, नुकसानीचे सगळे फासे दुप्पट. तो ओरडलाच, ‘स्माइट! पहिल्या दर्जाचा स्लॉट!’ पिशाच्च असल्यामुळे ३डी८, दुप्पट होऊन ६डी८. सरासरी २७. घूलचे हिट पॉइंट साधारण २२. म्हणजे एका बुक्कीत एक घूल खलास.

मला शंका आली. फोनवर सर्च केलं. वरच वर दिसलं: ‘नाही.’ मी म्हटलं, सॉरी, नुसत्या हाताने चालत नाही. बुक्कीचं नुकसान १ अधिक ताकदीचे ३, म्हणजे ४. बुक्कीत फासाच नसल्यामुळे क्रिटिकलला दुप्पट करायलाही काही नव्हतं. पुढच्या पाळीत घूलच्या नखांनी तो लुळा पडला, आणि मग बाकीचं सांगायला नको. पुढच्या शुक्रवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. कामाचा लोड आहे म्हणाला.

‘नाही’ नेमकं कुठून येतं

आता थोडं बारकाईत जाऊ, कारण गंमत इथेच आहे. २०१४ च्या नियमात लिहिलंय की ‘मेले वेपन अटॅक’ लागला तर स्माइट करता येतं. (उच्चार ‘मेले’च आहे. आमच्याकडे दरवेळी कुणीतरी ‘कोण मेले?’ विचारतंच.) मेले म्हणजे जवळून केलेला. आता बुक्की हा वेपन अटॅक आहे का? तर आहे! या आवृत्तीत हल्ल्याचे दोनच प्रकार आहेत, वेपन अटॅक आणि स्पेल अटॅक. बुक्की, लाथ, डोक्याची टक्कर हे पहिल्या प्रकारात मोडतात.

पण बुक्की हे ‘वेपन’ मात्र नाही. सुरुवातीच्या छपाईत निःशस्त्र हल्ला चक्क शस्त्रांच्या तक्त्यातच होता. २०१५ च्या दुरुस्त्यांमध्ये तो तिथून काढला आणि स्पष्ट केलं की हातपाय शस्त्रांत मोजायचे नाहीत.

म्हणजे शस्त्र नसलेल्या गोष्टीने केलेला शस्त्रहल्ला. विचित्र वाटतं ना? पण आपण ‘चहापाण्याला या’ म्हणतो तेव्हा कॉफी दिली तरी ते चहापाणीच असतं. जोडशब्द एकदा घट्ट झाला की त्याच्या आतला चहा मोजत नाहीत. इथपर्यंत पॅलाडिनची बुक्की पास होते.

अडकते ती पुढच्या ओळीत. तिथे म्हटलंय की हे जास्तीचं नुकसान ‘शस्त्राच्या नुकसानी’शिवाय वरून मिळतं. आता ‘चहातली साखर’ म्हटलं की मात्र चहा लागतोच. ज्यांनी थोडंफार कोडिंग केलंय त्यांना हे लगेच कळेल: फंक्शनच्या दारावर चेक नाही, पण आत गेल्यावर वेपन नावाच्या ऑब्जेक्टची किंमत मागितलीय आणि तो ऑब्जेक्ट नल आहे. सगळा ‘नाही’ त्या एका षष्ठीच्या प्रत्ययावर उभा आहे.

याचा एक गमतीशीर परिणाम असा की त्याच पुस्तकातल्या ‘रॅथफुल स्माइट’ या मंत्राच्या मजकुरात शस्त्राच्या नुकसानीचा उल्लेखच नाही, नुसता मेले वेपन अटॅक लागला पाहिजे. म्हणजे तो मंत्र बुक्कीवर चालतो! आणि दुसरा परिणाम मला जास्त लागला. मोडलेल्या टेबलाचा पाय डीएम सोट्यासारखा धरू शकतो, असं नियमातच उदाहरण आहे. म्हणजे माझ्या मित्राने हातातल्या बेडीची साखळी मुठीला गुंडाळून मारली असती आणि मी तिला कामचलाऊ शस्त्र मानलं असतं, तर स्माइट बसला असता. साखळी त्याच्या हातातच होती. आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

अर्धं उत्तर आणि उरलेलं अर्धं

‘सेज अ‍ॅडव्हाइस’ हा खेळाच्या प्रकाशकांचा, विझर्ड्स ऑफ द कोस्टचा, अधिकृत प्रश्नोत्तरांचा संग्रह आहे. मी फोनवर पाहिलेला ‘नाही’ तिथलाच. काही आठवड्यांनी लॅपटॉपवर तेच उत्तर पूर्ण उघडलं. खाली आणखी काही वाक्यं होती, जी सर्चच्या तुकड्यात आलीच नव्हती. त्यांचा मतलब असा: डीएमने हा नियम बाजूला ठेवला तर कसलाही असमतोल होत नाही. स्माइट शस्त्राशी बांधला तो फक्त पॅलाडिनची परंपरागत प्रतिमा शस्त्रधारी आहे म्हणून. बॅलन्सचा त्यात संबंध नव्हता.

मी आकडे मांडून पाहिले. ताकद +३ असलेला पॅलाडिन लाँगसोर्डने एका हाताने सरासरी ७.५ नुकसान करतो, बुक्कीने ४. पहिल्या दर्जाचा स्माइट दोघांनाही ९ देतो. म्हणजे १६.५ विरुद्ध १३. तलवारवाला तरीही पुढेच. जादूची तलवार असेल तर आणखी पुढे. हाताने स्माइट करू दिला म्हणून कुणी तलवार फेकून देणार नाही.

एकच जागा आहे जिथे विचार करावा लागतो: मंक आणि पॅलाडिन असं मिश्र कॅरेक्टर. मंकला ‘फ्लरी ऑफ ब्लोज’मुळे दोन जास्तीचे ठोसे मिळतात, त्यामुळे एका पाळीत चार घाव आणि जुन्या नियमात चारही घावांवर स्माइट. ऐकायला भयंकर आहे. पण त्यासाठी ताकद, चपळाई, विवेक आणि व्यक्तिमत्त्व चारही गुण किमान १३ लागतात, आणि पाच लेव्हल पॅलाडिन, दोन लेव्हल मंक अशा माणसाकडे दिवसाचे सहाच स्लॉट. एका पाळीत चार उडवले तर उरलेला दिवस हात चोळत बसायचं. माझं मत विचाराल तर हेही चालू द्यावं.

खरं तर मला प्रतिमेचा मुद्दाही पटत नाही. २०१४ च्या पुस्तकातच पॅलाडिनची शक्ती देवाइतकीच त्याच्या न्यायाशी असलेल्या बांधिलकीतून येते असं म्हटलंय. मग तलवार काढून घेतली की ती शक्ती अडते कशी? आणि जुनी परंपरा बघायची तर तिसऱ्या आवृत्तीत, २००० साली, ‘स्माइट इव्हिल’ला फक्त एक साधा जवळचा हल्ला लागायचा. शस्त्राची अट त्या वाक्यात नव्हतीच.

२०२४ मध्ये काय बदललं

सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या नवीन हँडबुकने वाद मिटवला. आता मजकुरात सरळ लिहिलंय: मेले शस्त्राने किंवा निःशस्त्र हल्ल्याने घाव बसल्याबरोबर. अकराव्या लेव्हलला मिळणारा ‘रेडियंट स्ट्राइक्स’ही तसाच, प्रत्येक घावाला १डी८ जास्त, हाताने मारलेल्या घावालाही.

पण एका हाताने दिलं आणि दुसऱ्याने काढून घेतलं. डिव्हाइन स्माइट आता मंत्र झालाय आणि त्याला बोनस अ‍ॅक्शन लागते. त्यामुळे एका पाळीत एकदाच. फ्लरी ऑफ ब्लोजलाही बोनस अ‍ॅक्शनच लागते, म्हणजे वरचा मंकवाला जुगाड बंद. बोनस अ‍ॅक्शन आपल्याच पाळीत मिळते, म्हणून पळणाऱ्या शत्रूवर मारलेल्या संधीच्या घावावर स्माइट नाही. समोरचा जादूगार ‘काउंटरस्पेल’ टाकून तो हाणून पाडू शकतो. बार्बेरियनच्या ‘रेज’मध्ये मंत्र म्हणता येत नाहीत, तेव्हा ते मिश्रणही अवघड झालं. आणि स्माइटला फक्त उच्चार लागतो. म्हणजे कैदी पॅलाडिनचे हात बांधलेले असले तरी तो लाथ मारून स्माइट करेल, पण तोंडात बोळा कोंबला तर संपलं. डीएम लोकहो, हे लक्षात ठेवा. (खेळाडूंनो, तुम्ही वाचलंच नाही असं समजा.)

अजून एक खाचखळगा. नवीन नियमात निःशस्त्र हल्ल्याचे तीन पर्याय आहेत: मारणे, पकडणे, ढकलणे. पकडताना किंवा ढकलताना हल्ल्याचा फासा पडत नाही, समोरचा सेव्ह करतो. ‘घाव बसला’ असं काही होतच नाही, त्यामुळे त्यावर स्माइटही नाही.

फोनवर नियम कुठे बघायचे

दोन्ही नियमांचा मूळ मजकूर फुकट मिळतो. जुन्यासाठी ‘एसआरडी ५.१’ आणि नव्यासाठी ‘एसआरडी ५.२’ या पीडीएफ क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहेत, डाउनलोड करून फोनमध्येच ठेवा. खेळायला बसण्याआधी ग्रुपवर एक मेसेज टाका: आपण कुठल्या सालचं पुस्तक वापरतोय? आमचे निम्मे वाद दोन जण दोन वेगवेगळी पुस्तकं वाचत असल्यामुळे झालेत. आणि मध्येच शंका आली तर सर्चच्या वरच्या तुकड्यावर थांबू नका, लिंक उघडून खालपर्यंत स्क्रोल करा. तेवढा वेळ नसेल तर त्या क्षणी खेळाडूच्या बाजूने निर्णय द्या आणि नियम नंतर शोधा. मी आता असंच करतो.

त्या मित्राला मी पूर्ण उत्तराचा स्क्रीनशॉट पाठवला होता. सोबत लिहिलं, ‘तुझा पॅलाडिन मेला नसता, चूक माझी.’ तीन दिवसांनी त्याचा रिप्लाय आला: ‘६डी८ टाकून बघ, किती पडतात ते तरी कळू दे.’ टाकले. ३१ आले. मेलेल्याला परत आणायचं नाही असं आम्ही ठरवलं, पण पुढच्या शुक्रवारी तो नवीन कॅरेक्टर घेऊन आला. सध्या आम्ही २०२४ च्या पुस्तकावर आहोत. त्याचा आत्ताचा पॅलाडिन मुद्दाम तलवार बाळगत नाही. त्याने ‘अनआर्म्ड फायटिंग’ हे फीट घेतलंय, त्यामुळे दोन्ही हात रिकामे असले की त्याची बुक्की १डी८ ची होते, म्हणजे लाँगसोर्डइतकीच.