लातूरची छोटी गाडी

वाचकहो, लातूरच्या आडत बाजाराचे नाव आपण ऐकलेच असेल. पण या बाजाराला हात देणाऱ्या अडीच फुटी रुळांच्या गाडीची आठवण आता किती जणांना आहे?

एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरची ही बार्शी लाइट रेल्वे. १८९७ साली ती बार्शी रोडहून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीहून, बार्शीपर्यंत धावू लागली. युक्ती साधीच होती. एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही. मग हलके रूळ पुरतात आणि खर्चही आटोक्यात राहतो. १९११ मध्ये हे रूळ निजामाच्या मुलखात लातूरला येऊन ठेपले. बैलगाडीचा माल वाघिणींत चढला, आणि लातूरची पेठ मुंबईच्या वाटेला लागली.

नांदेडची तऱ्हा थोडी निराळी. तिथे १९०० च्या सुमारास गोदावरी खोऱ्यातली रेल्वे आली, पुढे उस्मानशाही मिलही उभी राहिली. कापूस नुसता बाहेर गेला नाही. गावातच त्याचे सूत-कापड होऊन मजुरांच्या घरी चूल पेटली. मिल बंद पडली, तेव्हा तो आधारही गेला.

लातूरचा मार्ग आता ब्रॉडगेज झाला आहे. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून पाण्याची गाडी आली, ती याच वाटेने. ज्या रुळांनी वर्षानुवर्षे धान्य बाहेर नेले, त्यांच्याच वाटेने पिण्याचे पाणी आणावे लागले! म्हणून खेड्यात नवे यंत्र आले, की दोन गोष्टी विचाराव्यात : ते काय घेऊन जाईल, आणि गावात काय ठेवील?