बुडालेले सोने आणि काढणाऱ्याचा वाटा

बोटीवरून पाण्यात पडलेली किंवा टाकलेली वस्तू कुणाची, हा प्रश्न भूमध्य समुद्रावरच्या व्यापाऱ्यांना फार लवकर सोडवावा लागला. वादळात जहाज हलके करायचे तर माल समुद्रात टाकावाच लागे. रोमन कायद्याचे म्हणणे असे की माल टाकला म्हणून त्यावरचा हक्क सुटत नाही. तो मूळ धन्याचाच राहतो. मग तो वर काढणाऱ्याला काय मिळावे? सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास बायझंटाइन साम्राज्यात संकलित झालेल्या ऱ्होडियन सागरी कायद्यात याचा चोख हिशेब आहे. आठ वाव खोलीवरून सोने, चांदी किंवा दुसरे काही काढले तर काढणाऱ्याला तिसरा हिस्सा. पंधरा वाव खोलीवरून काढले तर निम्मा, कारण जिवाला धोका मोठा. आणि किनाऱ्याला लागलेले, हातभर पाण्यातून उचलले तर दहावा. पंधरा वाव म्हणजे सुमारे नव्वद फूट. एका दमात बुडी मारून काम करणाऱ्या माणसाची ती जवळजवळ हद्दच. कायदा लिहिणाऱ्यांना पाणबुड्यांच्या धंद्याची नीट माहिती होती, असे या आकड्यांवरून दिसते.

धंदा अर्थातच त्याहून जुना. टायबर नदीवरच्या कोळ्यांचा आणि पाणबुड्यांचा मिळून एक संघ होता, हे रोमन शिलालेखांवरून कळते. मात्र पाणबुड्यांना नेहमीच वाटा मिळे असे नाही. इ.स.पू. १६९ मध्ये रोमन सैन्य मॅसिडोनियात घुसले, तेव्हा राजा पर्सियसची घाबरगुंडी उडाली आणि पेल्ला येथला खजिना समुद्रात टाकण्याचा हुकूम त्याने सोडला. निसियास नावाच्या अधिकाऱ्याने तो इमानेइतबारे पाळला. पुढे संकट टळले आणि पाणबुड्यांनी जवळजवळ सगळा खजिना वर काढून दिला. इतिहासकार लिव्ही सांगतो, की आपल्या भित्रेपणाची राजाला इतकी लाज वाटली की त्याने त्या पाणबुड्यांना गुपचूप मारवले आणि मागोमाग निसियासलाही. साक्षीदारच उरू नयेत, एवढाच त्यात हिशेब.

उघड्या अंगाने बुडी मारण्याच्या या पद्धतीत ऱ्होडियन कायद्यानंतरही हजारेक वर्षे फारसा बदल झाला नाही. बदलला तो वाटा. हिस्पानिओला बेटाच्या उत्तरेकडील खडकांवर १६४१ मध्ये ‘कॉन्सेप्सिओन’ हे स्पॅनिश जहाज चांदीसह बुडाले होते. बोस्टनचा जहाजबांधणी करणारा विल्यम फिप्स १६८७ मध्ये तेथे पोहोचला. बोटीतल्या कुणाला तरी पाण्याखालच्या खडकावर सुंदर समुद्री वनस्पती दिसली, ती आणायला एक पाणबुड्या उतरला आणि खाली तोफा पडल्या आहेत, असे सांगत वर आला, अशी हकिगत त्याच्या चरित्रात आहे. काही आठवड्यांत तीस टनांहून अधिक चांदी निघाली. किंमत दोन लाख पौंडांच्या वर. इंग्लंडच्या राजाला दहावा हिस्सा गेला, बाकीच्यातला मोठा वाटा ड्यूक ऑफ अल्बेमार्ल आणि त्याच्याबरोबर पैसा घालणाऱ्यांना मिळाला. फिप्सला ‘सर’ हा किताब आणि पुढे मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नरपद मिळाले. प्रत्यक्ष तळाशी जाणारा माणूस या वाटणीत कुठेच ठळकपणे दिसत नाही. ऱ्होडियन कायद्यातला ‘काढणारा’ स्वतः पाण्यात उतरे. यापुढे काढणारा म्हणजे मोहिमेला भांडवल पुरवणारा.

तंत्र सुधारले ते दमाची अडचण टाळण्यासाठी. उपडी घंटा पाण्यात सोडली की आत हवा कोंडून राहते. अशाच घंटेत उभे राहून स्वीडिश पाणबुड्यांनी १६६३ ते १६६५ या काळात स्टॉकहोमच्या बंदरात बुडालेल्या ‘वासा’ जहाजाच्या ६४ पैकी पन्नासहून अधिक तोफा काढल्या. पाणी बत्तीस मीटर खोल, गार आणि काळेकुट्ट. हातातल्या आकड्यांनी चाचपडत एकेका तोफेला दोर अडकवायचा. आजच्या यंत्रांनीही ते काम सोपे गेले नसते. डेव्हनचा लोकर-व्यापारी जॉन लेथब्रिजने १७१५ मध्ये वेगळीच युक्ती केली. ओकच्या पिंपात स्वतः पालथे पडायचे, पुढे पाहण्यासाठी काच आणि हात बाहेर काढण्यासाठी दोन भोके. डच ईस्ट इंडिया कंपनीने त्याला नोकरीला ठेवले आणि मदीराजवळच्या पोर्तो सांतो येथे १७२४ मध्ये फुटलेल्या ‘स्लॉट तेर होहे’ जहाजावरची चांदी त्याने पिंपात पडूनच काढली.

एकोणिसाव्या शतकात तांब्याचे शिरस्त्राण आणि वरून पंपाने हवा पुरवण्याची सोय आली. आता माणूस तळावर तासन्‌तास राहू लागला आणि नवीच व्याधी उपटली. दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात विरघळतो आणि घाईने वर आले की त्याचे बुडबुडे होतात. सांधे धरतात, पाय लुळे पडतात, माणूस मरतोही. ग्रान कॅनरियाजवळ १८८५ मध्ये बुडालेल्या ‘अल्फोन्सो १२वा’ या जहाजावरून सत्तर हजार पौंडांचे सोने काढणारा अलेक्झांडर लँबर्ट याच व्याधीने अधू झाला. वर येताना ठरावीक टप्प्यांवर थांबायचे, याची शास्त्रीय कोष्टके जॉन स्कॉट हाल्डेनने १९०८ मध्ये प्रसिद्ध केली आणि त्यानंतरच खोल पाण्यातले काम जरा माणसासारखे झाले.

हाल्डेनच्या प्रयोगांत सहभागी असलेला नौदल अधिकारी गायबन डॅमंट याच्याच वाट्याला ‘लॉरेंटिक’ आले. जानेवारी १९१७ मध्ये आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्याजवळ जर्मन सुरुंगांनी हे जहाज बुडाले. आत होत्या ३,२११ सोन्याच्या विटा, किंमत पन्नास लाख पौंड. सोने सुमारे चाळीस मीटरवर, म्हणजे फार खोल नव्हे. पण वादळांनी जहाज चेपले, आतल्या खोल्या मोडल्या आणि विटा फाटक्या पत्र्यांमधून घसरत तळाच्या वाळूत गेल्या. शेवटच्या वर्षांत पाणबुडे पाण्याच्या झोताने वाळू उडवत आणि बोटांनी चाचपून एकेक वीट शोधत. १९२४ पर्यंत पाच हजारांहून अधिक बुड्यांनंतर ३,१८६ विटा वर आल्या आणि यात एकही पाणबुड्या दगावला नाही. सोने काढल्याची कीर्ती झाली. कौतुक खरे तर या दुसऱ्या गोष्टीचे व्हायला हवे होते.

‘इजिप्त’ या जहाजाचा मुंबईशी थेट संबंध होता. पी अँड ओ कंपनीची ही बोट मे १९२२ मध्ये लंडनहून मुंबईला निघाली. बरोबर दहा लाख पौंडांहून अधिक किमतीचे सोने आणि चांदी होती. २० मे रोजी फ्रान्सच्या उशां बेटाजवळ धुक्यात ‘सेन’ या फ्रेंच मालवाहू जहाजाने तिला धडक दिली आणि वीसेक मिनिटांत ती बुडाली. सुमारे नव्वद माणसे गेली. लॉइड्सच्या विमेदारांनी नुकसानभरपाई दिली, त्यामुळे तळाचे सोने त्यांचे झाले; पण ते होते सव्वाशे मीटरच्या आसपास, म्हणजे तेव्हाच्या शिरस्त्राणधारी पाणबुड्यांच्या आवाक्याबाहेर.

जोव्हान्नी क्वालिया यांच्या ‘सोरिमा’ या इटालियन कंपनीने यश आले तरच पैसे, या अटीवर काम घेतले. दोन बोटींमध्ये लांबलचक तार बांधून समुद्राचा तळ चाळत जायचा, विहिरीत पडलेली घागर शोधायला गळ फिरवतात तसा. ऑगस्ट १९३० मध्ये जहाज सापडले. कंपनीच्या ‘आर्तील्यो’ बोटीवर पोलादी नळकांडे होते. त्यात एक माणूस बसे, नळकांडे तारेने खाली सोडत आणि जाड काचांतून पाहून तो टेलिफोनवर सांगे: डावीकडे, अजून खाली, थांबा, पकडा. वरचे लोक त्यावरून लोखंडी पंजा हलवत. पाणबुड्याचे हात आता वर, बोटीच्या डेकवर होते. पहिल्या हंगामात कप्तानाची तिजोरी निघाली. आत सोने नव्हते, नुसती कागदपत्रे.

मग मोठाच अपघात झाला. डिसेंबर १९३० मध्ये, हिवाळ्याच्या मोकळ्या काळात, ‘आर्तील्यो’ पहिल्या महायुद्धात बुडालेले एक दारूगोळ्याचे जहाज सुरुंगाने उडवत होती. इतक्या वर्षांनी दारूगोळा निकामी झाला असेल, हा अंदाज चुकला. स्फोटात ‘आर्तील्यो’ स्वतःच बुडाली आणि मुख्य पाणबुड्या आल्बेर्तो जान्नीसह बाराजण मरण पावले. कंपनीने दुसरी बोट सजवून काम पुढे नेले. सोन्याच्या खोलीवरचे मजले एकेक करून उडवावे लागले. पंज्यात आधी रायफली, साबण, कापड असला माल येई; हैदराबाद संस्थानासाठी छापलेल्या निजामाच्या नोटाही आल्या. अखेर २२ जून १९३२ रोजी सोने डेकवर ओतले गेले. पुढच्या तीनेक वर्षांत बहुतेक सगळे निघाले. करारानुसार निम्मा वाटा ‘सोरिमा’चा होता. पंधरा वावांसाठी ठरवलेला हिस्सा असा पासष्ट वावांनाही लागू पडला.

मुंबईच्या समुद्रात पुढे जे सोने पडले त्याची गोष्ट वेगळी. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला आग लागून दोन प्रचंड स्फोट झाले, शेकडो माणसे मेली आणि जहाजावरच्या सोन्याच्या विटा चहूकडे उडाल्या. एक वीट जवळजवळ मैलभर लांब एका घराचे छप्पर फोडून आत पडली. बाकीच्या बऱ्याच गोदीच्या चिखलात गेल्या. तेथे पाणबुड्यांचा फारसा प्रश्नच नव्हता. गाळ उपसताना विटा सापडत राहिल्या, अनेक वर्षांनंतरही.

काढणाऱ्याच्या वाट्याचा जुना करार नव्या खोलीवर पुन्हा दिसला तो १९८१ मध्ये. ब्रिटिश युद्धनौका ‘एडिनबर्ग’ १९४२ मध्ये बॅरेंट्स समुद्रात बुडाली होती आणि तिच्यावर सोव्हिएत संघाने पाठवलेल्या ४६५ विटा होत्या. कीथ जेसप यांच्या मोहिमेने २४५ मीटरवरून ४३१ विटा काढल्या. या खेपेला माणसे स्वतः खाली गेली. दाबाच्या खोलीतच दिवसचे दिवस राहायचे, घंटेतून कामावर उतरायचे आणि दाब हळूहळू उतरवायचा तो एकदाच, मोहिमेच्या शेवटी. सोन्यातले ४५ टक्के मोहिमेला मिळाले. उरलेल्यातला दोन तृतीयांश भाग सोव्हिएत संघाला आणि एक तृतीयांश ब्रिटनला गेला. १९८६ मध्ये आणखी २९ विटा निघाल्या.