कुलाब्याची फीत, मुर्ध्याचा मोबाइल

कुलाब्यात टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या चमूने १९६० मध्ये संगणक कार्यान्वित केला. १९६२ मध्ये त्याचे नाव ‘टिफ्रॅक’ झाले. व्हॅक्यूम ट्यूबा सुमारे २,७००. आज्ञा यंत्रभाषेत लिहायच्या, कागदी फितीवर छिद्रे पाडून यंत्राला द्यायच्या. एक छिद्र चुकले तरी गणित बिघडे. आणि यंत्रापर्यंत जायला आधी संस्थेत शिरकाव हवा!

मला १९६४ अधिक महत्त्वाचे वाटते. अमेरिकेत डार्टमथला केमेनी आणि कर्ट्झ यांची ‘बेसिक’ चालली, तीही खास नवशिक्यांसाठी. त्याच वर्षी कुलाब्यात सीडीसी ३६०० आला. प्रोग्रॅम मात्र कार्डांच्या गठ्ठ्यावरच.

आमच्या मुर्ध्यात शाळकरी मुलगी आज मोबाइलवर चार ओळी लिहिते, चूक लगेच दिसते, लगेच दुरुस्त करते. तिला कोणाची परवानगी लागत नाही.